एकशेवीस बाय पंचेचाळीस

दोन-तीन जणांनी घरच्या खोलीत बसून केलेल्या व्हिडिओ गेमचं कव्हर हे त्या गेमचं सर्वांत लहान आणि सर्वांत निर्णायक अंग असतं. गेमला तीन वर्षं लागतात. कव्हर बघायला गिऱ्हाइकाला एक सेकंदही लागत नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानात २०२४ साली अठरा हजारांहून जास्त नवे गेम आले, म्हणजे दिवसाला पन्नासच्या आसपास. या गर्दीत आपला गेम नुसत्या गुणांवर ओळखला जाईल, अशी खात्री फक्त दोघांना असते : गेम करणाऱ्याला आणि त्याच्या आईला.

कव्हर एक असं म्हणतात, पण मापं अनेक असतात. स्टीमला पानाच्या माथ्यासाठी ९२० बाय ४३० पिक्सेलचं चित्र लागतं, दर्शनी जागेसाठी १२३२ बाय ७०६ चं, उभ्या चौकटीसाठी ७४८ बाय ८९६ चं. इच डॉट आयओ या दुसऱ्या दुकानात ६३० बाय ५००, गुगल प्लेच्या आयकॉनला ५१२ बाय ५१२. यांतलं खरं परीक्षेचं माप शेवटी येतं. स्टीमची छोटी कॅप्सूल, म्हणजे यादीत दिसणारं कव्हर, ४६२ बाय १७४ ची द्यायची असते आणि काही याद्यांमध्ये स्टीम ती आपणहून १२० बाय ४५ पर्यंत आक्रसतं. साध्या पडद्यावर ही जागा सुमारे तीन सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटरहून थोडी उंच भरते. बहुतेक कव्हरं मोठ्या मापात देखणी असतात आणि इथे येऊन मरतात.

सोलापुरात या कलेला एक खास अडचण येते, ती म्हणजे फ्लेक्स. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची रचना ठरलेली असते. मधे गॉगल लावून फोनवर बोलणारा उत्सवमूर्ती, माथ्यावर गोल चौकटींत दिल्ली-मुंबईची नेतेमंडळी, त्याखाली जिल्हा, त्याखाली पेठ, आणि तळाला ‘शुभेच्छुक’ या सदराखाली सुपारीएवढी चाळीस डोकी. कोणाचं डोकं किती मोठं, यावरून मंडळं फुटलेली आहेत. तरीही फ्लेक्स यशस्वी असतो, कारण फ्लेक्सचा खरा वाचक फ्लेक्सवरच असतो. तो स्वतःचा फोटो शोधायला येतो आणि सापडेपर्यंत हलत नाही. गेमच्या गिऱ्हाइकाचा फोटो कव्हरवर नसतो, म्हणून ते थांबतही नाही. हा एवढा फरक लक्षात न आल्यामुळे अनेक कव्हरं फ्लेक्सच्या वळणाने जातात : नायक, नायिका, खलनायक, खलनायकाचा कुत्रा, तीन हत्यारं, किल्ला, चंद्र आणि उरलेल्या जागेत नाव.

उदाहरणादाखल एक गेम कल्पिता येईल. सोलापूरच्या जुन्या मिलची स्थापना १८७७ ची. समजा, तशाच एका बंद पडलेल्या मिलमध्ये रात्री भोंगा वाजतो, माग आपोआप चालू होतात आणि पाळी संपेपर्यंत नायिकेला बाहेर पडता येत नाही. गेमचं नाव ‘रात्रपाळी’. कव्हरची चर्चा सुरू झाल्यावर मित्र विचारतो, “काय बे, भुईकोट किल्ला कुठंय?” किल्ला गेममध्ये नाही, हे त्याला पटत नाही, सोलापूरचा गेम म्हटल्यावर किल्ला, सिद्धेश्वराचं मंदिर आणि शक्य झाल्यास शेंगाचटणी आलीच पाहिजे. संगीत देणाऱ्याला कुठेतरी हलगी हवी असते. शेवटी येतात मामा. स्टीमवर गेम लावण्याची शंभर डॉलरची फी मामांनी भरलेली असते, त्यामुळे त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकावं लागतं. “तात्या बत्तीस वर्षं मिलमध्ये जॉबर होते. त्यांचा लहानसा फोटो कोपऱ्यात टाकला तर काय बिघडतं?”

बिघडतं ते असं. १२० बाय ४५ मध्ये एकूण ५,४०० पिक्सेल असतात. त्यांतले निम्म्याहून जास्त नावाला द्यावे लागतात; छोट्या कॅप्सूलमध्ये नावानेच जवळजवळ सगळी जागा भरावी, असं स्टीमचंही सांगणं आहे. उरलेल्यात एक आकृती बसते. एकच. ‘रात्रपाळी’च्या बाबतीत ती म्हणजे पाठमोरी नायिका आणि समोर दात विचकल्यासारखा उभा माग. किल्ला, हलगी आणि तात्या तिथे आले तर तिघांचा मिळून एक करडा डाग होतो. कव्हरकाराचं मुख्य काम चित्र काढण्याचं नसून नकार देण्याचं आहे, आणि ते चित्रकला महाविद्यालयात शिकवत नाहीत. रूढ तोडगा असा की तात्यांचा फोटो गेमच्या आत, जॉबरच्या केबिनमध्ये, हार घालून लावायचा. मामा गेम खेळणार नाहीत, पण फोटोपाशी थांबवून दाखवता येतो.

आकृती कोणती, याइतकंच ती काय कबूल करते, हे महत्त्वाचं. हिरवं शेत, कौलारू घर आणि गाय दिसली की गिऱ्हाईक निवांत शेतीचा गेम समजून येतं. अंधारात एकच दिवा दिसला की भुताचा. नायिकेचे डोळे बशीएवढे आणि गाल गुलाबी काढले तर ‘रात्रपाळी’ लहान मुलांसाठी घेतली जाईल, आणि पहिल्या भोंग्यानंतर पालक जे अभिप्राय लिहितील ते इथे छापण्याजोगे नसतील.

भुताच्या गेमांचा दुसरा रोग म्हणजे काळ्यावर काळं. स्टीमची पार्श्वभूमी मुळातच गडद निळी आहे. कडेपर्यंत काळं असलेलं चित्र तिच्यात विरघळून जातं आणि दुकानात त्या जागी भोक पडल्यासारखं दिसतं. उपाय जुना आहे. चित्राचे रंग काढून टाकायचे, ते बोटभर करायचं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून बघायचं. बाई कुठे संपते आणि माग कुठे सुरू होतो, हे कळलं नाही तर पुन्हा काढायचं. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सुरुवातीच्या काळात सिनेमाची होर्डिंग रंगवली. होर्डिंग रंगवणाऱ्याला आपलं चित्र बघायला रस्ता ओलांडावा लागतो. आजचा कव्हरकार चारशे टक्के झूम करून नायिकेच्या पापण्या मोजत बसतो. त्याने रस्ता ओलांडला तर फार बरं होईल.

पिक्सेलच्या बाबतीत मात्र सोलापूरला बाहेरून कोणी शिकवण्याची गरज नाही. जकार्ड चादरीची नक्षी आलेखाच्या कागदावर चौकटी भरूनच काढत आले. एक चौकट म्हणजे ताण्या-बाण्याचा एक छेद, आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. मोराच्या चोचीला दोन चौकटी मिळाल्या तर चोच दोन चौकटींची, तिथे हट्ट चालत नाही. पिक्सेल आर्टमधल्या गेमला हेच लागू होतं, फक्त एक खोच आहे : ४६२ वरून १२० वर येताना चित्र ३.८५ पटीने लहान होतं. पट पूर्णांकात नसल्यामुळे चौकटी फिसकटतात आणि मोराची कोंबडी होते. म्हणून अशा गेमांचं कव्हर बरेचदा वेगळं रंगवून घेतात.

नाव देवनागरीत असेल तर अक्षरांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळे तेवढ्याच उंचीत अक्षराच्या मुख्य अंगाला रोमनपेक्षा कमी जागा मिळते. जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात. ‘रात्रपाळी’तला ‘त्र’ तग धरेल. ‘राष्ट्रकूटांचा सूड’ असं नाव ठेवणाऱ्याने आधी ४५ पिक्सेल उंचीत ‘ष्ट्र’ लिहून पाहावा आणि मग राजवंश बदलावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेचा ‘बलू’सारखा जाड, मोकळा फाँट सुरुवातीला उपयोगी पडतो. रक्त ठिबकणारी अक्षरं टाळावीत. ठिबकलेलं रक्त आणि उकार यांत फरक राहत नाही.

नावाच्या लांबीबद्दल जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, सोडवायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट. ‘राजी’ हे दोन अक्षरी, रोमनमध्ये चार अक्षरी नाव कुठल्याही चौकटीत बसतं. उपशीर्षक मोठ्या चित्रात शोभतं, पण तीन सेंटिमीटरमध्ये कुठलंही उपशीर्षक ही एक रेघ असते. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात ‘राजी’ला नामांकन मिळालं. असं काही हाती लागलं की ते कव्हरवर ठळक छापावं, असं कोणालाही वाटेल. सप्टेंबर २०२२ पासून स्टीमला ते चालत नाही. कव्हरवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच. पुरस्कार, समीक्षकांचे तारे, ‘पन्नास टक्के सूट’ यांना बंदी. सोलापूरच्या चौकात हा नियम लावला तर फ्लेक्सवर उत्सवमूर्ती एकटाच उरेल, तोही शुभेच्छुकांविना.

चित्र एआय यंत्राकडून काढून घेण्याची सोय आता आहे. जानेवारी २०२४ पासून तसं केल्याचं स्टीमला कळवावं लागतं आणि ते गेमच्या पानावर दिसतं. असुराला सहा बोटं आली तर खपून जातात. मागावर बसलेल्या बाईला आली तर सोलापुरात लगेच ओळखतात.

कव्हर एकदा लावलं की कायमचं, असं नाही. विक्री हलली नाही तर बदलता येतं आणि पुष्कळजण बदलतात. कव्हर फार चांगलं झालं आणि गेम तसा नसला, तर त्याचीही व्यवस्था आहे : विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर स्टीम गिऱ्हाइकाचे पैसे परत करतं.