मामा, जामीन राहता का?

आमच्या वडिलांनी जाताना दोनच गोष्टी बजावल्या होत्या. पाटलाच्या बांधाला जाऊ नका आणि कुणाला जामीन राहू नका. पहिली पाळायला बांधच फारसा उरला नव्हता. दुसरी मात्र मी कचेरीतल्या कारकुनीची सगळी वर्षं निष्ठेने पाळली. पतसंस्थेच्या कर्जासाठी जिवलग मित्र दारात आला, तेव्हाही त्याला दोनदा चहा पाजला, पण सही दिली नाही. आणि परवा सख्ख्या भाचीचा फोन, "मामा, जामीन राहता का?"

काळजात चर्र झालं. म्हटलं, "पोरी, केलंस तरी काय?"

"पीएचडी करायचीय," ती म्हणाली.

माझी बहीण आणि दाजी वीस वर्षं ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या आगेमागे ट्रकमध्ये बसायचं, उन्हाळा लागला की परतायचं. ही पोर उसाच्या फडातच रांगली, कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, चिमणीच्या उजेडात पाढे शिकली आणि शिकता शिकता एम.ए. झाली. आता तिला ऊसतोड कामगारांवर संशोधन करायचं आहे, तेही परदेशातल्या विद्यापीठात. पैसा सरकार देणार. मात्र सरकारला खात्री हवी, की पोरगी पैसा घेऊन पळणार नाही.

त्यासाठी लागणारी फाइल मी स्वतः पाहिली आहे. तिच्या पहिल्या भागात आपण गरीब आहोत हे सिद्ध करायचं असतं: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला. दुसऱ्या भागात आपल्याला ओळखणारं कुणीतरी गरीब नाही हे सिद्ध करायचं: जामीनदार आणि त्याचा ऐपतीचा दाखला. दोन्ही दाखले एकाच कचेरीतून, बहुधा एकाच खिडकीतून मिळतात. मला तर वाटतं, एकच माणूस सकाळच्या सत्रात दरिद्री आणि जेवणाच्या सुट्टीनंतर ऐपतदार धरायची सोय केली, तर एकाच अर्जात भागेल. त्यात बंधपत्राला पाचशेचा स्टॅम्प. शंभराचा 2024 च्या ऑक्टोबरात मोडीत निघाला. गरिबी महागली ती अशी.

उत्पन्नाच्या दाखल्याशी बहिणीची गाठ पडली, तेव्हा एक शास्त्रीय पेच निघाला. मुकादमाकडून घेतलेली उचल उत्पन्नात धरायची की कर्जात? टेबलावरच्या माणसाने पेन खाली ठेवलं. उचल मिळते हंगामाआधी, एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. ती टनावर फिटते. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर. मग ते उत्पन्न, कर्ज की जन्मठेप? माझ्या मते पीएचडीचा पहिला प्रबंध इथेच, खिडकी क्रमांक दोनवर पुरा झाला. पदवी तेवढी मिळाली नाही.

खरी गंमत विषयाची. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत 2022 च्या फेब्रुवारीत एक ओळ आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचा सामाजिक अभ्यास, असे विषय या पैशातून परदेशात करता येणार नाहीत. भारताचं भारतातच शिकावं, असा त्यामागचा शहाणपणा. म्हणजे इथला ऊस बाद. भाचीने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "मामा, ब्राझीलचा ऊस घेऊ का?" ब्राझील ऊस पिकवण्यात जगात पहिला. तिथेही तोडणारे गरीब आणि मुकादम हुशार असणारच. नाव बदलायचं, बाकी प्रबंध आहे तसाच. फक्त 'कोयता' या शब्दाला पोर्तुगीज काय म्हणतात ते बघावं लागेल.

आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, सुटातला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना 1913 साली न्यू यॉर्कला पाठवलं, दरमहा साडेअकरा पौंडांवर. विषय काय घेतले म्हणाल, तर भारतातल्या जाती, प्रांतांचा अर्थव्यवहार आणि पुढे लंडनमध्ये रुपयाचा प्रश्न. एकही विषय या ओळीतून सुटला नसता. अपवाद ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा. तो कदाचित चालला असता, कारण कंपनी लंडनची होती. रुपयाऐवजी पौंडाचा प्रश्न घ्या, असंही कुणीतरी टेबलावरून सुचवलं असतं. करार मात्र महाराजांनीही करून घेतला होता, दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याचा. पण त्या बडोद्यात पुढे त्यांना राहायला साधी खोली मिळाली नाही, ती गोष्ट कुठल्याच बंधपत्रात लिहिलेली नव्हती.

समजा, ब्राझीलचा ऊस मंजूर झाला. विद्यापीठ क्यूएसच्या यादीत पहिल्या पाचशेत निघालं, वय पस्तिशीच्या आत राहिलं, देशभरातल्या 125 जागांमधली एक पदरात पडली. तरी ट्रक निघेलच असं नाही. 2025 च्या जुलैत या योजनेतून 106 जणांची निवड झाली आणि पत्रं 40 जणांना मिळाली. उरलेल्या 66 जणांना सांगितलं, निधी उपलब्ध झाला तर कळवू. तिकडे विद्यापीठाचं सत्र सप्टेंबरात सुरू होतं. बहीण हे ऐकून म्हणाली, "आमचा मुकादम बरा की रं. लबाड होता, पण उचल आधी द्यायचा."

मी तिला 2023 च्या हिवाळी अधिवेशनातली गोष्ट सांगितली. नागपूरला सभागृहातच विचारणा झाली होती, की पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार. बहिणीने ते फारच मनावर घेतलं. "कोपीवर लाइट येणार असंल," ती म्हणाली, "तर लावू दे की एखादा."

शेवटी वडिलांची क्षमा मागितली आणि ऐपतीचा दाखला काढायला तहसीलला गेलो. खिडकीतल्या माणसाने कारण विचारलं.

"भाची परदेशी पीएचडीला चाललीय."

"कशावर?"

"ब्राझीलच्या उसावर."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "का, आपल्याकडचा संपला का?"

मी गप्प राहिलो. त्याने माझा सातबारा उलगडला, बोटाने खालपर्यंत नावं मोजली आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"यात अकरा जण आहेत," तो म्हणाला. "ह्यातलं ऐपतदार कोण?"