प्रथिनपंत आणि नागलीची भाकरी

दाभोसा धबधबा भरून वाहू लागला की शनिवारच्या पहिल्या गाड्यांबरोबर जव्हारात प्रथिनपंत अवतरतात. नावं निराळी, गाड्या निराळ्या, पण गोत्र एकच. पूर्वीचा शहरी पाहुणा हनुमान पॉईंटवर उतरला की भजी कुठं मिळतात ते विचारायचा. पंत विचारतात, "उकडलेली अंडी मिळतील का? फक्त पांढरं." त्यांच्या काखोटीला झाकणाची बाटली असते, बाटलीत तारेचा गोळा. सकाळी सातला ते ती खुळखुळवू लागले की लॉजच्या अंगणातल्या कोंबड्या दाणे पडले समजून धावत येतात. मग चार अंडी येतात. पंत शस्त्रक्रियेच्या एकाग्रतेनं प्रत्येकाचं पोट फाडतात, पांढरं तेवढं खातात आणि बलक बशीच्या कडेला सारतात. चार पिवळे गोळे दारातल्या कुत्र्याच्या वाट्याला जातात. ते कुत्रं शनिवार-रविवारची वाट का पाहतं, हे वेगळं सांगायला नको. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यातली अडीच-पावणेतीन ग्रॅम बलकात असतात. म्हणजे ज्या प्रथिनांसाठी एवढा खटाटोप, त्यातला पाच हिश्शांतले दोन हिस्से माल पंत कुत्र्याला घालतात.

पंतांची टिंगल सोपी आहे, म्हणून आधी त्यांचं खरं ते मान्य करू. शहरातली आपली न्याहारी या बाबतीत भिकार आहे. कांदेपोह्यांची बशी चवीला कितीही गोड असली तरी पाच-सहा ग्रॅमांच्या पुढं जात नाही, आणि साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट सोडलं तर प्रथिनांच्या नावानं शून्यच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 साली सांगितलेलं प्रमाण आहे वजनाच्या दर किलोला रोज 0.83 ग्रॅम. पासष्ट किलोच्या माणसाला चोपन्न ग्रॅम झाले. त्यातला तिसरा हिस्सा सकाळीच पोटात गेला तर अकराला बिस्किटांचा पुडा फोडावा लागत नाही. पंतांचं गाडं इथवर रुळावर असतं. ते घसरतं चुलीपाशी. समोर नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी आली की पंत ताट हातभर दूर सारून म्हणतात, "मावशी, हे तर सगळं कार्ब्ज आहे. यात प्रोटीन किती?" मावशींचं उत्तर ठरलेलं असतं, "खा ना दादा पोटभर." पंतांना ते उत्तर अडाणी वाटतं.

आता हिशेब मांडू. नागलीच्या शंभर ग्रॅम पिठात सात ग्रॅमांच्या आसपास प्रथिनं असतात. दोन भाकऱ्यांना एकशे वीस ग्रॅम पीठ धरलं तर साडेआठ ग्रॅम झाली. आमटीत चाळीस ग्रॅम उडीद, त्याची नऊ. बाजूला दीड-दोन चमचे शेंगदाण्याची चटणी, तिची तीन-साडेतीन. बेरीज एकवीस. पंतांच्या पावडरीच्या डब्यातल्या एका मापात वीस ते पंचवीस ग्रॅम असतात, आणि त्या मापाबरोबर नागलीतलं कॅल्शियम फुकट मिळत नाही. पंत हरणाऱ्यांतले नव्हेत. ते म्हणतात, "हे अपूर्ण प्रोटीन. लायसिन कुठंय?" आक्षेप शास्त्रशुद्ध आहे. धान्यात लायसिन कमी असतं. पण उडदात ते भरपूर असतं, आणि उडदात जे कमी पडतं ते मेथिओनिन नागलीत आहे. एकाच ताटात दोघं बसले की एकमेकांची उसनवारी फिटते. वरणभात खाऊन वाढलेल्या माणसाला हे पटायला हरकत नसावी. त्यातून पावसाळ्यात इथल्या घरांतून सुके बोंबील चुलीवर भाजले जातात. त्यांत शंभर ग्रॅमांमागे साठ ग्रॅमांच्या आसपास प्रथिनं, पण वास पावडरीसारखा व्हॅनिलाचा येत नाही, हा त्यांचा गुन्हा. नागलीचीही तीच गत. 2023 हे भरडधान्य वर्ष ठरलं, सरकारनं तिला 'श्री अन्न' म्हटलं आणि ती 'रागी' या नावानं चकचकीत पुड्यात शिरली. त्या पुड्यातली पंतांना चालते. तव्यावरची चालत नाही.

आता पंतांचा हुकमी आक्षेप. "एवढं जर हे अन्न सकस, तर जव्हार-मोखाड्यात कुपोषण का?" प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. पण ती मुलं दगावली म्हणून भाकरी दोषी ठरत नाही. मूळ साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे रोमला अन्न व कृषी संघटनेत होते, तेव्हा जगभर 'प्रथिनांची दरी' हा शब्द गाजत होता. ती दरी बुजवायला माशांचं पीठ, पेट्रोलियमवर वाढवलेलं यीस्ट, काय काय निघालं होतं. पंतांचे पूर्वजच म्हणायचे. सुखात्म्यांनी आकडे मांडून सांगितलं की बहुतेक ठिकाणी मुळात अन्नच कमी पडतं आहे. पोट अर्धं असलं की शरीर प्रथिनंसुद्धा सरपणासारखी जाळतं, मग वरून कितीही घाला. 1974 मध्ये पोषणतज्ज्ञ मॅकलारेन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या सगळ्या प्रकाराला 'महान प्रथिन-फजिती' म्हटलं. मावशींचं "पोटभर खा" हे उत्तर रोमहून सहीशिक्क्यानिशी आलं असतं तर पंतांनी ते चौकटीत लावलं असतं. अडचण आहे ती पोटभर या शब्दाची. माळावरची नागली-वरई बारा महिने पुरत नाही. दिवाळीनंतर माणसं भिवंडी-वसईकडं, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. तिथं पहाटे कामाला लागायचं असतं. उडीद शिजवत बसायला वेळ नसतो आणि विकत घ्यायला पैसा नसतो. ज्या भाकरीबरोबरची आमटी पंत नाकारतात, तीच भाकरी तिथं मीठ-मिरचीबरोबर खाल्ली जाते. म्हणून दोघांच्या न्याहारीला एकच उपदेश लागू पडत नाही.

एका ठिकाणी मात्र पंत बरोबर आहेत, आणि त्यांना ते ठाऊक नाही. लहान मुलाचं पोट मुठीएवढं. त्यात दोन भाकऱ्या मावत नाहीत, तेव्हा थोडक्यात पुष्कळ देणारं काहीतरी हवं. ते म्हणजे अंडं, अख्खं, बलकासकट. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी ठरवलेली आहेत. आठवड्याला चार अंडी. पंतांची एका सकाळची बशी तेवढीच, त्यातले चार बलक कुत्र्याला.

तेव्हा जव्हारला जाणार असाल तर नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, आयत्या वेळी होत नाही. पैसे मोजून द्या, घासाघीस करू नका. आणि अंडं मागवलंत तर सगळं खा.