शिल्लकराव

प्रत्येक ऑफिसात एक शिल्लकराव असतात. आमचे पर्चेसमध्ये होते. सहकारी बँकेने फुकट दिलेल्या खिशातल्या डायरीत ते आपली पीएल, म्हणजे साठणारी हक्काची रजा, पेन्सिलीने मांडून ठेवत. वीस दिवस भरले की एक रजा जमा, की लगेच डायरी निघायची. पगार जमा झाल्यावरही त्यांचा चेहरा एवढा उजळत नसे.

ताप आला तरी मफलर गुंडाळून, कपाळाला अमृतांजन चोपडून खुर्चीत हजर. "घरी पडून तरी काय करायचंय?" असं म्हणत आजूबाजूच्या चौघांना ते ताप वाटून द्यायचे. मेहुण्याला लग्नाचा मुहूर्त रविवारचा काढायला लावला. घरचा पाच दिवसांचा गणपती दीड दिवसावर आणला. वहिनी कुरकुरल्या, तर म्हणाले, "अगं, दीड दिवसाचा बाप्पा हाफ डे सीएलमध्ये बसतो." आठ सीएल मात्र 31 डिसेंबरला लॅप्स होतात, म्हणून त्या ते वर्षअखेरीला नाइलाजाने घेत आणि घरी बसून दर तासाला ऑफिसात फोन करत. ती रजा त्यांच्यापेक्षा आम्हाला जास्त जड जायची.

2023 साली खासगी नोकरदारांना नोकरी सोडताना मिळणाऱ्या शिल्लक रजेच्या पैशांवरची करमाफी 3 लाखांवरून 25 लाखांवर गेली, तेव्हा अर्थमंत्र्यांनी आपल्याला विचारूनच केल्यासारखे त्यांनी पेढे वाटले.

मग आमच्याकडे सतरा वर्षं काढल्यावर त्यांना दुसरीकडे बरी नोकरी लागली. राजीनामा देताना डायरीत 212 दिवस होते. त्या पैशांत त्यांनी मनातल्या मनात स्वयंपाकघराच्या फरश्या बदलल्या होत्या, वहिनींसाठी पाटल्याही केल्या होत्या. फुल अँड फायनलचा कागद हातात आला. त्यावर दिवस 45. बेसिक 24 हजार, म्हणून रक्कम 36 हजार.

"बाकीचे 167 कुठे गेले?"

एचआरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "काका, महाराष्ट्राच्या 2017च्या दुकानं-आस्थापना कायद्यात 45 पर्यंतच साठतात. आपल्याकडे तेच धरतात. तुमच्या पगाराच्या स्लिपवर वर्षानुवर्षं 45 च येतंय की!"

येत होतंच. शिल्लकराव त्याला कॉम्प्युटरची चूक समजत होते.

दोन दिवस त्यांनी डबा न उघडताच परत नेला. तिसऱ्या दिवशी युनियनच्या कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, की याच कायद्यात एक पळवाट आहे: पंधरा दिवस आधी अर्ज करून मागितलेली हक्काची रजा मालकाने नाकारली असेल, तर 45 च्या वरच्या रजेचेही पैसे मागता येतात. शिल्लकराव जवळजवळ धावतच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"साहेब, तुम्ही माझी रजा कधी नाकारली होती का?"

"मागितलीत कधी?"

शिल्लकरावांनी क्षणभर विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मग मागच्या तारखेने नाकारता का? मी अर्ज आणलाय."

"छे हो, असं कसं करता येईल! नाही जमणार."

"बरं," म्हणत शिल्लकरावांनी खिशातलं पेन काढून साहेबांपुढे धरलं, "मग हे 'नाही' तरी लेखी द्या!"