फाट्यावरचे मत: नवशिक्यांसाठी रीतसर मार्गदर्शन

सिनेमावर मत द्यायचे तर आधी तो पाहिलेला असावा, असा एक गैरसमज पुण्या-मुंबईकडे आहे. वडीगोद्रीत तो कधी रुजला नाही. आमचे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर, अंबड तालुक्यात. जालन्याहून आलेला माणूस इथे बीडच्या गाडीची वाट बघतो, बीडहून आलेला जालन्याच्या. हातात चहाचा ग्लास असतो, गाडीचा पत्ता नसतो. मत तयार व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

मी मोसंबीवाला, समीक्षक नव्हे. पण फाट्यावरच्या हॉटेलातल्या बाकावर वीसेक वर्षे बसून जे शिकलो, ते पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवतो आहे.

आधी जागा. टीव्हीकडे तोंड करून कधीही बसू नये. टीव्हीकडे तोंड असलेला माणूस बघत बसतो आणि बघणाऱ्याला बोलायला सुचत नाही. पाठ टीव्हीकडे, तोंड रस्त्याकडे. मताची लांबी एक कटिंग. गाडी फलाटाला नाही, झाडाखाली लागते. कंडक्टरने घंटी मारली की मत तिथेच संपवायचे आणि शेवटचे वाक्य पायरीवरून फेकायचे. त्याला उत्तर येत नाही. माझ्या आजवरच्या सगळ्या निर्विवाद मतांचे रहस्य हेच आहे.

आता, पाहावे किती? अर्धा. पाऊणच्या वर गेलात की दिग्दर्शकाचे म्हणणे कळायला लागते आणि स्वतःचे मत डळमळते. आम्हाला यासाठी वेगळा संयम ठेवावा लागत नाही. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात पिक्चर ऐन रंगात आला की मोटार चालू करायला मळ्यात जावे लागते. बॅटरी घ्या, बूट घाला, स्टार्टर दाबा, पाण्याची धार पडते की नाही बघा, दारं धरा. परत येईतो पडद्यावर कोणीतरी मेलेले असते. कोणी मारले हे घरच्यांना विचारू नये. विचारणाऱ्याची किंमत राहत नाही. मधली जागा आपल्या मनाने भरून घ्यावी.

मी ‘दृश्यम’ असाच पाहिला. हिंदीतला, २०१५चा, निशिकांत कामत यांचा. म्हणजे ‘डोंबिवली फास्ट’ करणारा आपलाच माणूस. त्यातला अजय देवगण चौथी नापास, गोव्यात केबलचा धंदा, रात्र रात्र ऑफिसात बसून पिक्चर बघणारा. मला तो पहिल्या पाच मिनिटांत आवडला. तेवढ्यात लाईट आल्याचा फोन आला. मी मळ्यातून परतलो तेव्हा तो बायकोला आणि पोरींना घेऊन पणजीला निघाला होता. सत्संग झाला, हॉटेलात जेवण झाले, पिक्चर झाला. पुढे पोलिसांनी त्या माणसाचे जे हाल केले ते मला बघवले नाहीत. लहान पोरीला मारतात! बस कंडक्टर सांगतो, हॉटेलवाला सांगतो, पिक्चरचे मशीन चालवणारा सांगतो की दोन ऑक्टोबरला हा माणूस पणजीत होता. मी तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. फाट्यावर मी दोन वर्षे ठणकावून सांगत होतो की निरपराध माणसाला छळणाऱ्या पोलीस खात्यावरचा असा पिक्चर दुसरा झाला नाही. मग दिवाळीला आलेल्या मेव्हण्याने मधला भाग सांगितला. तेव्हापासून आमचे जाणे-येणे कमी आहे.

तरी माझे म्हणणे असे की ‘दृश्यम’ जसा कळायला हवा तसा महाराष्ट्रात फक्त मलाच कळला. अजय देवगणने सगळ्या गोव्याला जे पटवायला एवढा खटाटोप केला, ते मला एका बैठकीत पटले.

यापुढची पायरी अवघड आहे: मत द्यायचे, पण कोणाला कळू द्यायचे नाही. यासाठी आमच्या बाकावरच्या एका निवृत्त गुरुजींनी एक वाक्य सिद्ध केले आहे. ‘फोटोग्राफी चांगली होती.’ वाक्य साधे वाटते, पण ते गरजेच्या वेळी चेहरा न हलवता म्हणायला सराव लागतो. ‘सामना’चे उदाहरण घ्या. १९७५च्या आसपासचा, जब्बार पटेलांचा, लिहिलेला विजय तेंडुलकरांनी. निळू फुल्यांचा साखरसम्राट, लागूंचा दारूडा मास्तर आणि मारुती कांबळेचा तो प्रश्न. आमच्या भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आल्यापासून ऊस आहे, उसामागून कारखाने आहेत आणि कारखान्यामागून शेजारच्या टेबलावर बसलेली माणसे आहेत. ज्याचा ऊस अजून फडात उभा आहे आणि तोडीची टोळी यायची आहे, त्याने निळू फुल्यांवर काय मत द्यावे? गुरुजी म्हणाले, ‘फोटोग्राफी चांगली होती. ब्लॅक अँड व्हाईट असून.’

हे वाक्य आम्हाला खरे कामाला आले ते २०२४ साली. त्याच्या आदल्या वर्षीपासून शेजारच्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांचे मराठा आरक्षणाचे उपोषण चालू-बंद होत होते. जून २०२४ मध्ये ओबीसी आरक्षण वाचवायला लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे आमच्या वडीगोद्रीत उपोषणाला बसले. दोन गावांमध्ये अंतर कितीसे? त्या दिवसांत टीव्ही बघायची गरजच उरली नव्हती, टीव्हीच फाट्यावर उभा होता. छत्रीसारखी डिश लावलेल्या गाड्या रांगेने लागलेल्या. आणि त्याच वर्षी जरांगे यांच्यावरचा ‘संघर्षयोद्धा’ हा पिक्चरही आला. बाकावर दोन्हीकडचे लोक बसतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच ग्लासातला चहा बशीत ओतून प्यालेले लोक. त्या महिन्यात कोणी कोणाला ‘पिक्चर बघितला का?’ एवढे जरी विचारले तरी हॉटेलवाला स्टोव्हला जोरात पंप मारायचा. गुरुजींकडे सगळ्यांनी पाहिले. गुरुजींनी चष्मा पुसला, परत घातला. म्हणाले, ‘पाहिला नाही. पण फोटोग्राफी चांगली असणार.’ दोन्हीकडच्यांनी माना हलवल्या.

मालिकांवरचे मत हा बायकांचा प्रांत आहे, तिथे पुरुषांनी शिरू नये. आमची माय या शास्त्रातली मोठी अधिकारी. ती मालिका डोळ्यांनी बघतच नाही. पुढ्यात सूप, सुपात लसूण. एका-एका चेहऱ्यावर तीनदा ‘ढॅण’ वाजले की मान वर, नाही तर पाकळी सोलणे चालू. ‘चार दिवस सासूचे’ २००१ साली सुरू झाली आणि २०१३ साली संपली. नावात चार दिवस, भाग तीन हजारांच्या वर. तेवढ्या काळात मायच्या दोन सुना घरात आल्या, एका नातीचे लग्न जमले. मालिका संपली त्या दिवशी मायने एवढेच मत दिले, ‘बारा वर्सांत एकीनं बी पीठ मळलं नाही.’

मायचे निकष कोणत्याही परीक्षक मंडळाने घ्यावेत असे आहेत. झोपताना अंगावर दागिने असले की दहा मार्क वजा. दारामागून चोरून ऐकणारी बाई दाराच्या फटीतून दिसत असताना आतल्यांना दिसली नाही तर वीस वजा. मग ती पडद्याला मोठ्याने सांगते, ‘आगं, दारामागं उभी हाये ती, डोळे फुटले का?’ ‘माझ्या नवऱ्याची बायको’ चालू असताना गुरुनाथचे लफडे राधिकाला कळायला एवढे दिवस का लागावेत, या मुद्द्यावर तिने दोन संध्याकाळी टीव्हीला लसूण सोलून दाखवला नाही. पण राधिकाने मसाल्याचा धंदा काढला तेव्हा मायने पहिल्यांदा सूप बाजूला ठेवले. कांडपाचा हिशेब बरोबर आहे का ते बघायला.

इथे मार्गदर्शन थोडे बाजूला ठेवून एक गाऱ्हाणे मांडतो. टीव्हीवरचे खेडे नेहमी पंचगंगेच्या नाही तर कृष्णेच्या काठी असते. तांबड्या मातीचा आखाडा, लाल लंगोट, तांबडा-पांढरा रस्सा, ‘लय भारी’ आणि ‘काय म्हणतुयास’. ‘तुझ्यात जीव रंगला’च्या राणाशी माझे भांडण नाही, कुस्ती बरी खेळायचा. पण गोदाकाठी कोणी असे बोलत नाही. आमचा माणूस ‘कामून?’ म्हणतो. ‘काय करायला?’ विचारले तर ‘बसायलोय’ म्हणतो. आमच्या तोंडची बोली पडद्यावर पहिल्यांदा पोटभर ऐकली ती मकरंद अनासपुऱ्यांच्या तोंडून. ‘कायद्याचं बोला’ २००५ सालचा. मूळ पिक्चर अमेरिकेतला, ‘माय कझिन विनी’. तिकडे न्यूयॉर्कचा वकील दक्षिणेतल्या गावठी कोर्टात जाऊन हसे करून घेतो. आपल्याकडे आणताना वकिलाचे आडनाव ठेवले कुंथलगिरीकर. हे ऐकून फाट्यावर जो आनंद झाला तो न्यूयॉर्कला कळणार नाही. याच महामार्गाने बीड ओलांडून खाली उतरले की कुंथलगिरीचा खवा लागतो. अर्ध्या गावाने तो खाल्लेला आहे, म्हणजे वकील आमच्या पोटातलाच निघाला. त्या पिक्चरवर मी आजही पूर्ण मत देऊ शकत नाही, कारण तो मी पूर्ण पाहिला आहे.

परदेशी वेब सिरीजवर मत देताना पुतण्याचा मोबाईल आणि पुतण्याचाच पासवर्ड वापरावा. २०२१ साली ‘स्क्विड गेम’ आली. कोरियातले कर्जबाजारी लोक जिवावर उदार होऊन लहानपणचे खेळ खेळतात. हॉटेलवाल्याने चहा गाळता गाळता काही भाग पाहिले. ‘गोट्या आणि रस्सीखेच?’ म्हणाला. ‘आणि कर्जापायी? त्याला कोरियात कामून जावं?’ गाळणी झटकली आणि पुढचा ग्लास भरला. या सिरीजवर याहून नेमके मत मी कुठे ऐकलेले नाही.

शेवटी या विद्येचे आमच्या घरातले मूळपुरुष, माझे थोरले चुलते, म्हणजे नाना. नानांच्या तरुणपणी गणपतीत रस्त्यावर पांढरा पडदा ताणून पिक्चर दाखवायचे. समोर जागा मिळाली नाही की लोक पडद्यामागे बसायचे; पोते अंथरले की झाले. नानांनी ‘पांडू हवालदार’ मागून पाहिला. तेव्हापासून दादा कोंडके डावखुरे होते हे त्यांचे ठाम मत. ‘साहेबाला डाव्या हातानं सलाम ठोकतो,’ नाना सांगायचे, ‘मग बढती कशी व्हावी?’ यात खोट काढून दाखवा. निघत नाही.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ला लागला तेव्हा आम्ही पोरे जालन्याला जाऊन आलो. नाना आले नाहीत. पुढे तो टीव्हीवर लागला तेव्हा सगळे घर समोर बसले. आर्ची विहिरीत पोहते तिथे नाना हसले, बुलेट चालवते तिथे ‘पोरगी आपल्या पाटलांचीच’ म्हणाले. हैदराबादचे हाल बघून उठून पाणी पिऊन आले. मग आर्चीचे बस्तान बसले, पोरगा झाला, गाडी आली, दारात रांगोळी पडली. नाना मांडी घालून निवांत झाले. आणि माहेरची माणसे आली. पिशव्या आल्या. आर्ची चहा ठेवायला आत गेली.

शेजारीण पोराला परत आणून सोडते तिथपासून पिक्चरला आवाज नाही, हे ज्यांनी पाहिला त्यांना माहीत आहे. आम्ही पाहिला होता, म्हणून कोणी हलले नाही. नानांना वाटले आवाज गेला. ‘वायर हालली असंल,’ म्हणत ते उठले, खुर्ची ओढली, टीव्हीमागे हात घातला. एक वायर काढली, फुंकली, परत खोचली. मायने पदर तोंडाला लावला होता. नाना खाली उतरेपर्यंत नावे सरकायला लागली होती.

‘आला का आवाज?’ नानांनी विचारले. कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी नानांनी फाट्यावर मत दिले आणि गेली कित्येक वर्षे ते तेच देत आहेत. ‘पिक्चर चांगला. पोरीनं धीर सोडला नाही. आन्‌ शेवटाला माहेर चालत दारात आलं ना? भरल्या पिशव्या घेऊन आलं. रक्ताचं माणूस किती दिवस तोडून राहतंय? चहा पेला सगळ्यांनी. खलास. गोड.’

बाकावरच्या सगळ्यांना खरे माहीत आहे. गुरुजींना आहे, हॉटेलवाल्याला आहे, दोन्हीकडच्या लोकांना आहे. कोणी खोडत नाही. मागच्या महिन्यात घनसावंगीकडचा एक कॉलेजातला पोरगा गाडीची वाट बघत बसला होता. नानांचे ऐकून त्याने ग्लास खाली ठेवला. ‘बाबा, तुमी शेवट पाहिला नाही का? शेवटाला तर त्यांना…’

हॉटेलवाल्याने त्याच्या पुढ्यात न सांगता दुसरा चहा ठेवला. पोराने वर पाहिले. हॉटेलवाला त्याच्याकडेच बघत होता. गुरुजीही. पोराने नानांकडे पाहिले. नाना कानामागे हात धरून उत्तराची वाट बघत होते.

पोरगा थोडा थांबला. मग म्हणाला, ‘काही नाही बाबा. फोटोग्राफी चांगली होती.’