पाऊण टनाची कैफियत

अमेरिकन मनुष्याला घर सोडून हिंडण्याची जितकी हौस आहे तितकीच घर बरोबर नेण्याचीही आहे. आणि या दोन परस्परविरोधी वासनांचा समेट घालण्यासाठी त्याने जी नाना प्रकारची वाहने निर्माण केली, त्यांत मोटारीमागे जोडून ओढावयाची घरे आहेत, बसगाडीएवढी स्वयंचलित घरे आहेत, आणि ज्याच्या पायी माझ्या कोलोराडोमधील वास्तव्याला दिवाणी खटल्याची कळा आली तो 'ट्रक कँपर' नामक तिसरा प्रकारही आहे. पलंग, शेगडी, फ्रीज, मोरी आणि शौचकूप यांसह बांधलेली ही एक अखंड खोली असून तिला स्वतःची चाके नसतात. पिकअप ट्रकच्या उघड्या हौद्यात ती बसते, तिचा शयनकक्ष ट्रकच्या टपावर झुकलेला असतो, आणि मुक्कामी पोहोचल्यावर तिला तिच्या चार पायांवर उभी करून खालचा ट्रक काढून घेता येतो. ज्या खडकाळ, अरुंद वाटांवर मागे गाडी जोडून वळणे अशक्य, तेथे ही स्वारी निर्वेधपणे जाते.

आमच्या जावईबापूंनी कँपर आधी ठरविला आणि तो वाहणारा ट्रक मागाहून शोधावयास निघाले. हा क्रम उफराटा वाटेल, परंतु या व्यवहारात तोच शास्त्रोक्त आहे. कारण ट्रक आधी घेऊन बसलेल्या माणसाला त्याच्या पाठीवर मावेल असा कँपर पुष्कळदा सापडतच नाही. या शोधात त्यांनी मला बरोबर घेतले ते केवळ म्हाताऱ्याला हवापालट म्हणून. माझी सारी नोकरी सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली आहे, हे बहुधा त्यांच्या ध्यानातून गेले असावे. ज्याने उसाच्या गाड्या भरलेल्या तोलल्या, रिकाम्या तोलल्या, आणि दोहोंच्या वजाबाकीवर शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, त्याला ट्रक दाखवावयास नेणे हे धोक्याचे असते.

डेन्व्हरच्या परिसरातील विक्रीदालने म्हणजे क्षितिजापर्यंत पसरलेली ट्रकांची छावणीच. फोर्ड, रॅम, शेव्हरोले, जीएमसी यांच्या रांगांतून फिरताना प्रथम कळले ते हे, की येथे पिकअप ट्रकांची प्रतवारी अद्यापि अर्धा टन, पाऊण टन व एक टन अशी बोलली जाते. एके काळी ही नावे खऱ्या भारक्षमतेची निदर्शक होती; पुढे गाड्या बळावल्या, नावे मात्र वतनी हक्काने चालत राहिली, आणि आज 'एक टनी' म्हणविणारा मागे जोडचाके असलेला ट्रक अडीच-तीन टनही उचलतो. शिवाय येथील टन दोन हजार पौंडांचा, म्हणजे आपल्या टनाच्या मानाने सुमारे एक दशांशाने तोकडा. हे ऐकल्यावर मी खिशातून वही काढली.

विक्रेता हसतमुख व उमदा तरुण होता. त्याने जावईबापूंपुढे एक पाऊण टनी ट्रक आणून उभा केला, ज्याच्या आसनांना ऊब देण्याची, गारवा देण्याची आणि पाठ रगडण्याचीही सोय होती. वर काचेचे विस्तीर्ण छत होते, आणि दार उघडताच पायरी आपोआप बाहेर येऊन पायाशी नम्र होत असे.

"अप्पा, हा वीस हजार पौंड ओढतो म्हणे!" जावईबापू म्हणाले.

"ओढतो हे ऐकलं. वाहतो किती?"

हा प्रश्न इंग्रजीत गेल्यावर विक्रेत्याच्या चेहऱ्यावरील हास्य यत्किंचित मावळले. ओढणे आणि वाहणे या भिन्न क्रिया आहेत. ओढगाडीचा बहुतेक भार तिची स्वतःची चाके पेलतात, कँपरचा मात्र संपूर्ण बोजा ट्रकच्या पाठीवर, धुऱ्यावर आणि टायरांवर पडतो. पण जाहिरातींत तुतारी फुंकली जाते ती ओढण्याची. वाहण्याचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, दार उघडल्यावाचून कोणाच्या दृष्टीस पडू नये अशा बेताने, एका पिवळ्या-पांढऱ्या चिठ्ठीवर छापलेला असतो. ती वाचण्यासाठी मी चष्मा सावरून तेथे ओणवा झालो, तेव्हा मला भोवळ आली असे समजून त्या सज्जनाने थंड पाण्याची बाटली आणली. चिठ्ठीवर फर्मान होते: माणसे व सामान मिळून 2,112 पौंडांपेक्षा अधिक भार घालू नये. म्हणजे सुमारे साडेनऊशे किलो. आणि जावईबापूंनी पसंत केलेल्या कँपरचे नुसते कोरडे वजनच माहितीपत्रकात 3,200 पौंड दिलेले!

एवढ्या बलदंड गाडीची ही दैना का, याचा उलगडा वजाबाकीतच होता. भरलेल्या ट्रकचे कमाल वजन कारखान्याने 10,000 पौंड ठरवून टाकलेले. त्या मर्यादेत ट्रकवर जे जे म्हणून बसवावे, ते ते मालाच्या हिश्शातून वजा होते. पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन घेतले, की काही शे पौंड गेले; काचेचे छत घेतले, पाठ रगडणारी आसने घेतली, नम्र पायऱ्या घेतल्या, की आणखी गेले. गिऱ्हाईक जसजसे अधिक पैसे मोजते तसतसा ट्रक कमी वाहू लागतो, आणि सर्वांत महागड्या ट्रकमध्ये अखेर मालकाने एकट्याने, हलके जेवून बसावे अशी परिस्थिती येते. आमच्याकडे असल्या व्यवहाराला काटामारी म्हणत आणि त्यावरून मोर्चे निघत. येथे ती मासिक हप्त्याने विकत घेतात.

जावईबापूंचा जीव डिझेलवर जडलेला होता, विशेषतः रॅम ट्रकमधील सहा सिलिंडरांच्या कमिन्स इंजिनावर. मला त्या नावाविषयी आकस असण्याचे कारण नाही. किर्लोस्करांच्या भागीदारीत ते 1962 साली पुण्याच्या कोथरूडात नांदावयास आले. उतारावर वेग आवरणारा डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक ही डोंगराळ मुलखात मोठी सोय आहे, हेही मी कबूल केले. परंतु वजनाच्या दप्तरात प्रेमाला सदर नसते.

घरी आल्यावर बोजाची मोजदाद सुरू झाली. 'कोरडे वजन' म्हणजे पाणी, गॅस, बॅटऱ्या आणि हौसेने मागविलेले वातानुकूलन यंत्र यांवाचूनचे वजन. अर्थात ज्या अवस्थेत त्या खोलीत कोणीही राहू शकत नाही त्या अवस्थेतील. एक अमेरिकन गॅलन पाणी 8.34 पौंड भरते. चाळीस गॅलनांची टाकी म्हणजे जवळजवळ 334 पौंड, आणि ते केवळ धुण्यापिण्यापुरते. मग माणसे. कन्या, जावई आणि नात यांनी विनातक्रार काट्यावर पाय ठेवला. आमच्या सौ.नी मात्र न्हाणीघरातील तो काटा पाहताच पदर खोचला.

"अहो, ट्रक घेताय की मला विकायला काढताय?"

अखेर त्यांचे वजन नावासमोर न मांडता 'इतर' या सदरात समाविष्ट करावे, आणि त्या सदरात माझेही मिसळून टाकावे, अशी तडजोड झाली.

या संदर्भात जॉन स्टाइनबेक या थोर लेखकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. 1960 साली तो आपल्या चार्ली नामक पूडल कुत्र्यासह स्वदेश पाहावयास निघाला तो असाच कँपर लादलेल्या जीएमसीच्या पाऊण टनी ट्रकमधून. त्याला त्याने डॉन किहोतेच्या घोड्याचे, रोसिनान्ते हे नाव ठेवले होते, आणि ते वाहन आजही कॅलिफोर्नियात सॅलिनास येथील त्याच्या स्मारकात उभे आहे. त्याने बरोबर दीडशे पौंड पुस्तके घेतली होती, आणि तीही आजवर वाचावयाची राहून गेलेली. माझ्या काट्यावर असता तर मी त्याला ती उतरवावयास लावली असती. नातीने मात्र ही कथा ऐकून आमच्याही ट्रकचे आगाऊ बारसे केले व त्याला द्रोणागिरी वाहून आणणाऱ्या मारुतीचे नाव दिले. स्वदेशात ते नाव एका चिमुकल्या मोटारीने केव्हाच पटकावले आहे, हे मी तिला सांगितले नाही.

तर तो मारुती अखेर सापडला. एक टनी, मागे जोडचाके, आठ फुटी हौदा, साधे पेट्रोल इंजिन, कापडी आसने, काच फिरवावयास बटण असले तर असावे अशा दर्जाचा. कमाल वजन 14,000 पौंड. विक्रेत्याच्या मते हे रस्ते-दुरुस्ती खात्याचे वाहन होते. मागची रुंदी आठ फूट असल्याने ते गाडी-धुलाई केंद्रात शिरेना, आणि घरापुढे उभे राहताच शेजाऱ्यांनी आमचे स्थलांतर होत आहे काय अशी मायाळू विचारपूस केली.

कँपर चढविण्याचा विधी वर्णनीय आहे. तो चार पायांवर उंच उभा करून ठेवतात, आणि ट्रक मागे घेत घेत त्याच्या पोटाखाली सरकवावयाचा असतो; दोन्ही बाजूंना जागा बोटांनी मोजण्याइतकी. घरातील प्रत्येकाने वेगवेगळ्या भाषेत 'येऊ द्या' म्हटले आणि जावईबापूंनी कोणाचेही ऐकले नाही, म्हणून तो सुखरूप बसला. कँपरच्या कुशीवर त्याच्या गुरुत्वमध्याची खूण असते. ती मागच्या धुऱ्याच्या पुढे पडली पाहिजे, नाही तर ट्रकचे नाक वर होते आणि सुकाणू हलके पडते. ती कोठून कोठपर्यंत पडावी याचा एक कागद ट्रकच्या खणात ठेवलेला असतो, आणि तो, माझ्या निरीक्षणाप्रमाणे, ट्रक भंगारात जाईपर्यंत अस्पर्श राहतो. आमच्या ट्रकचा कागद मी दोनदा वाचून त्यावर तारीख घातली.

खरा आनंद मला महामार्गावरील ट्रकतळावर झाला. तेथे सार्वजनिक वजनकाटा असतो. पुढची चाके एका तक्त्यावर, मागची दुसऱ्यावर घ्यावयाची, खांबावरील बटण दाबावयाचे, आतून एक बाई चौकशी करते, आणि प्रत्येक धुऱ्याचे वजन वेगळे दाखविणारी छापील पावती मिळते. परदेशात मंदिर सापडल्यावर लोक जसे गहिवरतात तसा मी गहिवरलो. रिकामा ट्रक, भरलेली टाकी व जावईबापू मिळून 7,900 पौंड. पाणी व गॅस भरलेला कँपर चढवून 11,760. म्हणजे माहितीपत्रकातील 3,200 प्रत्यक्षात 3,860 झाले होते. बाकी माणसांचे व सामानाचे मी 900 धरले होते, तेव्हा प्रस्थानाच्या सकाळी पावती 12,660 ची यावयास हवी होती. आली 12,720 ची. मर्यादेच्या आत तेराशे पौंडांची सवड होती, कोणालाच काही वाटले नाही. परंतु साठ पौंडांची तफावत घेऊन मी कधी काट्यावरून घरी गेलेलो नाही. रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत मी ताळा करीत होतो.

डेन्व्हर 5,280 फुटांवर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर वसलेले आहे, आणि तेथून रस्ता चढावयास आरंभ करतो. 1973 साली खुल्या झालेल्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी तो 11,000 फुटांच्या वर पोहोचतो. या विरळ हवेत टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ती हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटत जाते. आमचा मारुती मालट्रकांच्या रांगेत धापा टाकीत चालला असता डिझेलवाले आमच्याकडे कनवाळूपणे पाहत पुढे गेले. जावईबापू काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त एक दीर्घ निःश्वास सोडला, आणि तो कमिन्सच्या नावाने होता हे मला समजले. उतारावर मात्र त्यांनी खालचा गिअर घालून मर्यादेने गाडी नेली, आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बाजूला ठेवलेल्या वाळूच्या चढणींची आम्हाला गरज पडली नाही.

मुक्काम युटामधील मोआब गावाबाहेर झाला. या राज्याची जवळजवळ दोनतृतीयांश जमीन केंद्र सरकारची असून भू-व्यवस्थापन खात्याच्या बऱ्याच पड जमिनीवर चौदा दिवसांपर्यंत विनामूल्य तळ ठोकता येतो. आपल्याकडील गायरानावर असा हुकूम निघाला तर पंधराव्या दिवशी तेथे ग्रामपंचायत स्थापन होईल. तांबड्या खडकांच्या सावलीत आमच्या शेजारी एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ होते. त्यांचा कँपर प्रशस्त होता, भिंती बाजूंना सरकून तीन दिशांना विस्तारणारा. आणि त्याच्याखालील, मागे जोडचाके नसलेल्या ट्रकचे दिवे आकाशातील ग्रहगोल उजळीत होते. नातीच्या मध्यस्थीने परवानगी घेऊन मी त्यांचे दार उघडले व चिठ्ठी वाचली.

"मागे हवेच्या पिशव्या बसवणार आहे, मग बरोबर होईल," ते म्हणाले.

पिशव्यांनी ट्रकची पाठ उचलली जाते, धुऱ्याची नि टायरांची मर्यादा उचलली जात नाही, असे मी नातीकरवी समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि माझा पेशा काय असे विचारले. नातीने इंग्रजीत जे सांगितले त्याने ते दोन पावले मागे सरले. तिने मला न्यायाधीश म्हटले की पोलीस, हे अद्याप कळलेले नाही.

संबंध सुधारावेत म्हणून सौ.नी त्यांना सपत्नीक फराळाला बोलाविले. थालीपिठाचा खमंग वास सुटला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला; कारण सामानाच्या यादीत भाजणी नव्हती. मी आत जाऊन मागच्या आसनाखालचे पांघरूण दूर केले. तेथे वीस पौंडी तांदळाची पिशवी होती, वीस पौंडी आट्याची होती, आणि तिसरीत भाजणी, डाळी, पोहे व गूळ यांनी मिळून उरलेली रुजवात पुरी केली होती.

"हे यादीत का नाही?"

"तुम्ही सामानाचं वजन मागितलंत," सौ. तवा न सोडता म्हणाल्या. "हा शिधा आहे."

पाहुणे येऊन बसले होते. मी वही उघडली, साठ पौंड 'इतर' या सदरात वळते केले, खाली सही केली, आणि पान पुढे ओढले.