डोंगरावर राजकमल चौक

‘शनिवार-रविवार जंगल कॅम्प. निसर्गाच्या सान्निध्यात दोन दिवस. टेन्ट, शेकोटी, रोडगे, डीजे.’ असा मजकूर मंडळाच्या ग्रुपवर पडला आणि शेवटच्या शब्दाला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले. एकानं शंका काढली, “रेंज भेटते ना बे तिथं?” संयोजकानं “भेटते, पाहून आलो” असं सांगितलं आणि नावनोंदणी तासाभरात आटोपली.

मंडळ कोणतं ते विचारू नका. अमरावतीच्या राजापेठेतलं म्हणा, साईनगरातलं म्हणा, अकोल्याच्या जठारपेठेतलं म्हणा. गणपतीचे दहा दिवस राबायचं आणि उरलेलं वर्ष चौकातल्या ओट्यावर बसून देशाची काळजी करायची, असं त्याचं कार्य. जंगल म्हणजे अर्थातच चिखलदरा. विदर्भाच्या वाट्याला थंड हवेचं एकच ठिकाण आलं, १११८ मीटर उंचीचं, आणि खाली पसरलेला मेळघाट त्याच्यासोबत फुकट मिळाल्यासारखा.

खरं म्हणजे ह्या पोट्ट्यांना जंगल नवं नाही. मागं त्यांनी बुद्धपौर्णिमेचं मचाण घेतलं होतं. पाणवठ्याकाठी मचाणावर रात्रभर बसायचं आणि चांदण्यात पाणी प्यायला जे येईल ते कागदावर टिपायचं, हा वनखात्याचा जुना शिरस्ता. पूर्वी त्याला प्राणिगणना म्हणत. आता वाघ मोजायला कॅमेरे लावलेले आहेत, म्हणून त्याच बसण्याला निसर्गानुभव म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. मुख्य अट एकच, बोलायचं नाही. वऱ्हाडी माणसाला मे महिन्यातल्या उन्हात उभं करा, तो तक्रार करणार नाही. किंवा करेल, पण उभा राहील. मात्र त्याला संध्याकाळपासून सकाळपर्यंत गप्प बसवायचं म्हणजे शिक्षेचं कलम आधी सांगायला हवं.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग मचाणावरून कुजबुज आली, “काका, वाघ कवा येते?”

“येते तवा येते,” सोबतचा वनरक्षक म्हणाला.

“तरी अंदाजे? नवाच्या आत येत असन तर पाहून जेवतो. नाईतर जेवून पाहतो.”

मग चिवड्याचं पाकीट उघडलं गेलं. रानात चिवड्याचं पाकीट किती लांबपर्यंत ऐकू जातं, ह्याचा अभ्यास अजून कुणी केलेला नाही. त्या रात्री सांबरांनी केला. सकाळी जमा झालेल्या कागदावर नोंद होती: ‘मोर ३. रानडुक्कर १ (आवाज). वाघ ०, पण येऊन गेला असावा.’ त्यानंतर मंडळाच्या बैठकीत ठरलं की, पुढच्या वेळी बोलायची मुभा असलेलं जंगल पाहायचं.

ते ह्या जानेवारीत सापडलं. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचं एक शेत. निघायची वेळ सकाळी सहाची होती, निघाले साडेनवाला, कारण टेम्पो ज्याचा त्याची झोप व्हायची होती. सामानात भाड्याचे तंबू, गोवऱ्यांची दोन पोती, वांगी, पीठ, जनरेटर, माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर आणि एक बॅनर. बॅनरवर डरकाळी फोडणारा वाघ होता आणि त्याच्या मागं बर्फ पडलेला होता. वाघाच्या तिप्पट मोठे मंडळाचे मार्गदर्शक होते. ते स्वतः येणार नव्हते. वलगाव, आसेगाव, परतवाडा असं थांबत, प्रत्येक ठिकाणी गिलावडा चांगला मिळतो का ह्याची खात्री करत मंडळी घाट चढली.

चिखलदऱ्याची दंतकथा आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. भीमानं कीचकाला मारलं, दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले. कीचकदऱ्याचं पुढं चिखलदरा झालं. पोट्ट्यांनी ही परंपरा नेटानं चालवली. जेवणं झाल्यावर थर्माकोलच्या थाळ्या, पाण्याच्या बाटल्या आणि उरलेलं वरण दरीत गेलं आणि सगळ्यांनी हात धुतले. अशा थाळ्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पण बंदी घाटाखाली, आपण घाटावर. कीचक निदान कुजला तरी.

अंधार पडला तसे स्पीकर सुरू झाले. वरातीतली सगळी गाणी झाली, मग नवरदेवाशिवाय वरात निघाली. आता मेळघाट म्हणजे १९७३-७४ मधल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघाला निवांतपणा मिळावा म्हणून कोहा, कुंड, बोरी ही गावं गाभ्यातून उठवली गेली, त्यांच्यामागं आणखीही उठली. वाघाच्या शेजारात पिढ्या काढलेल्या माणसांनी चुली विझवल्या, गुरं पुढं घातली आणि ती घाट उतरली. उतरताना वर चढणारी वाहनं त्यांना भेटली असतील तर ती आमचीच. त्यांच्या चुलीच्या धुराला कायदा होता. आमच्या डीजेला शेतमालक होता आणि त्याला आगाऊ पैसे दिलेले होते.

निवांतपणाच्या बाबतीत रानपिंगळ्याचं उदाहरण घ्या. मूठभर आकाराचं घुबड, तेही दिवसा हिंडणारं. १८८४ नंतर ते कुणाला खात्रीनं सापडलंच नाही. संपलं असं धरून सगळे चालले होते, तर १९९७ साली शहाद्याजवळ दिसलं आणि पुढं मेळघाटातही मिळालं. एकशे तेरा वर्षं हा पक्षी दडून का बसला, ह्याविषयी जाणकार आपापली मतं सांगतात. मला वाटतं, १८८४ मध्ये एखादं मंडळ कॅम्पला आलं असावं.

रात्री बाराला थंडीनं आपला कार्यक्रम सुरू केला. तंबूत गारठा शिरला तसे पोट्टे एकेक करून टेम्पोत शिरले, काचा वर केल्या आणि निसर्गाच्या सान्निध्यात दाटीवाटीनं झोपले. तंबूंसमोर मात्र सकाळी फोटो काढले, ब्रश हातात धरून.

रविवारी मुख्य समारंभ, वृक्षारोपण. चहूकडं सागाचं जंगल आणि मधोमध अमरावतीच्या नर्सरीतून आणलेलं गुलमोहराचं एक रोप. चोवीस हात त्याला लागले. फोटो झाल्यावर रोप खड्ड्यातून काढून, माती झटकून परत टेम्पोत ठेवलं, कारण मंगळवारी दुसऱ्या एका चौकात त्याचाच कार्यक्रम होता. ह्या रोपाइतका प्रवास जिल्ह्यात फक्त पालकमंत्री करतात.

संध्याकाळी आमच्या कचेरीत मंडळाचं निवेदन येऊन पडलं: ‘युवकांची मेळघाटात पर्यावरण जनजागृती’. सोबत फोटो. त्यात पोट्टे होते, बॅनर होता, बॅनरवरचा बर्फ होता. जंगल तेवढं मागं झाकलं गेलं होतं. नावांची यादी मार्गदर्शकांपासून सुरू होत होती. आमच्या उपसंपादकाला नसत्या चौकशा करायची खोड आहे. त्यानं फोन लावला.

“जनजागृती नेमकी कोणाची केली? रात्री तिथं माणूस तर नव्हता.”

पलीकडं जरा विचार झाला. मग उत्तर आलं, “शेतमालकाची केली ना साहेब. पुढच्या टायमाले तो डिपॉझिट मागून रायला.”