जनावरानुभव: इच्छुकांसाठी सूचना

सर्वप्रथम अभिनंदन. लेकराला ढोरांचा डॉक्टर करायचं आपण ठरवलं आहे. (ठरवलं एमबीबीएसचं होतं, पण नीटचा पहिला निकाल लागला आणि त्याच रात्री घरातल्या सगळ्यांना मुक्या जनावरांचा कळवळा आला. हरकत नाही, कळवळा उशिरा आला तरी चालतो.) आता पहिली पायरी: लेकराला जनावरांपासून होईल तितकं लांब न्या.

गोंधळू नका. अमेरिकेत उलटं आहे. तिथं अर्जात जनावरांसोबत किती तास घालवले ते लिहावं लागतं. गायी-घोड्यांचे तास वेगळे, कुत्र्या-मांजरांचे वेगळे. नुसती घरची मांजर मांडीवर घेतली एवढ्यावर भागत नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यकीय शाळेची अट १८० तासांची. आपल्याकडेही आकडा १८०च आहे, फक्त तो नीटमधल्या प्रश्नांचा. भौतिकचे ४५, रसायनाचे ४५, जीवशास्त्राचे ९०. एकूण गुण ७२०. उदगीरचं पशुवैद्यकीय कॉलेज १९८७ चं, परभणीचं १९७२ चं. दोन्हींच्या दारात उभं राहायला हेच गुण लागतात. धार काढता येते का, असं तिथं कुणी विचारत नाही.

म्हणून कंधारकडच्या लाल कंधारी गायींच्या शेणामुतात वाढलेलं पोर अकरावीला उचलावं आणि लातूरच्या ट्युशन एरियात आणून ठेवावं. नांदेड जवळ पडत असेल तर तिथं. गाय मागं राहते, कडबा मागं राहतो, आणि फी भरायला एक जोडी बाजारात जाते. डॉक्टर होण्यासाठी पेशंट विकावा लागतो, असा हा बहुधा एकमेव कोर्स असावा.

आता हॉस्टेलवर विविध प्राण्यांचा अनुभव कसा मिळवावा? घाबरू नका, सोय आहे. डास: हे निशाचर असून टेस्ट सिरीजच्या आदल्या रात्री जास्त येतात. ढेकूण: गादीच्या शिवणीत, कळपानं. पाल ट्यूबलाइटशेजारी असते. तिचं निरीक्षण मान वर करून करावं, तेवढाच पुस्तकातून डोळ्यांना आराम. मेसच्या मागच्या दारी एक मांजर असते, तिची पोळी खाण्याची तयारी पाहून त्या दिवशीच्या भाजीचा अंदाज घेता येतो. रात्री अकराला क्लासवरून परतताना गल्लीतली कुत्री मागं लागतात. हा मोठ्या जनावरांचा अनुभव धरावा की लहान, हे त्या क्षणाच्या वेगावरून ठरवा.

बेडकाबद्दल विशेष सूचना. २०२४ च्या नीटच्या अभ्यासक्रमात ‘कीटक’ असं लिहून पुढं कंसात ‘बेडूक’ छापलं होतं. तेव्हा बेडूक दिसल्यास त्याला हे सांगू नये.

दिवाळीला पोर गावी येईल. चार दिवस मिळतात, त्यात दोन टेस्टचे. उरलेल्या दोन दिवसांत आखाड्यावर न्या. तिथं आजा देवणीची गाय दाखवील. तोंड काळं असलेली वानेरा, अंगभर काळे ठिपके असलेली शेवरा, हे त्याला आल्यागेल्याला सांगायची सवय आहे. पोरगं शेवराकडं बघून विचारील, “आबा, ही होल्स्टिन का?” आजा काही बोलणार नाही. दावं सोडील, गाय दुसऱ्या खुंट्याला बांधील, पोराकडं पाठ करून.

मिथॅनोबॅक्टेरियम रुमेनमध्ये असतो, हे पोराला झोपेतही पाठ आहे. रुमेन गायीच्या कोणत्या बाजूला असतं, हे मात्र आजीला विचारावं लागतं. आजीला रुमेन माहीत नाही. तिनं कोवळा घास जास्त खाल्लेली गाय पाहिली आहे, डावी भकाळी नगाऱ्यासारखी फुगलेली पाहिली आहे. भकाळीत मूठ दाबून धरायची; निरोगी गायीचं पोट दोन मिनिटांत दोन-तीनदा ती मूठ ढकलतं. फुगलेल्या गायीला तेल पाजताना तिचं तोंड फार वर करायचं नाही, ठसका लागून तेल फुप्फुसात जातं. हे सगळं ती भांडी घासता घासता सांगते. नोट्स देत नाही, त्यामुळं पोरगं लिहून घेत नाही.

आणखी अनुभव हवा असेल तर हाळी-हंडरगुळीच्या बाजारात न्या. अदात, दोन दाती, चार दाती, जुळलेला: बैलाचं वय तोंड उघडून वाचायचं असतं. पहिले दोन पक्के दात येईपर्यंत वासरू साधारण दोन वर्षं ओलांडतं. दलालाला हे एका नजरेत कळतं, तेही खिशातल्या मोबाइलवर बोलता बोलता. मग रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो; पोराला ती बोटं दिसत नाहीत आणि तसा पर्यायही दिलेला नसतो. घोडे, गाढवं आणि उंट एकाच ठिकाणी बघायचे तर मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा. पण ती नेमकी सराव परीक्षांच्या हंगामात येते. देवाला टाइमटेबल दाखवून पाहिलं, उपयोग झाला नाही.

उस्मानाबादी शेळीला जुळी होतात, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पोरगं पहिलं पिल्लू बाहेर आलं की हात धुऊन पुस्तकाकडं जाईल.

एवढं सगळं करून प्रवेश मिळालाच, तर साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं. गाय तिथं भेटतेच. पहिल्या भेटीत मागच्या पायांच्या टप्प्यात उभं राहू नये. ही गोष्ट हॉस्टेलच्या पालीनं शिकवलेली नसते.

आणि मधल्या काळात घरची कालवड अडली, वासरू आडवं आलं, तर लातूरला फोन करू नका. पोराचा मोबाइल वॉर्डनच्या कपाटात आहे. १९६२ फिरवा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे, फुकट लागतो.